मोटर भारी, माउंटचं काय?

सुट्टीत मित्रांनी मिळून इलेक्ट्रिक स्केटबोर्ड बनवायचं ठरवलंय? मग ग्रुपवर कशावरून वाद झाले असतील, सांगू? मोटर कुठली, बॅटरी किती सेलची, टॉप स्पीड किती! लॅमिंग्टन रोड नाहीतर तपकीर गल्लीत दोन-चार फेऱ्याही झाल्या असतील. पण चाकांच्या ट्रकवर मोटर धरून ठेवणारी ती प्लेट, म्हणजे मोटर माउंट? ‘ते बघू शेवटी, मिळेल त्या पट्टीतून कापू.’ घोळ होतो तो इथेच.

अशा बोर्डला सहसा सायकलसारखा वेगळा ब्रेक नसतो. बेल्टमधून मोटरच चाकाला आवरते. उतारावर माउंट सरकलं आणि बेल्ट पुलीवरून निसटला, तर त्या चाकाचा ब्रेक गेला. एकाच मोटरचा बोर्ड असेल तर सगळाच गेला. म्हणून माउंटकडे ब्रेकचा भाग म्हणूनच बघा.

थोडं गणित करू, बारावीच्या फिजिक्सचंच. १९० केव्हीच्या मोटरला ६० अँपिअर मिळाले की साधारण ३ न्यूटन-मीटर टॉर्क तयार होतो. ५ मिलिमीटर पिचच्या, १५ दातांच्या पुलीची त्रिज्या जेमतेम १२ मिलिमीटर. भागाकार केलात की बेल्टवरची ओढ निघते २५० न्यूटन, म्हणजे २५ किलोचं पोतं लटकवल्यासारखं. मोटर धरलेली असते एकाच बाजूने, चार छोट्या स्क्रूंवर. पेव्हर ब्लॉक आणि स्पीडब्रेकरचे दणके वेगळेच!

मग करायचं काय? आधी जाडी बघा. प्लेटचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ६ ऐवजी ८ मिलिमीटरचं अ‍ॅल्युमिनियम घेतलंत तर ती दुपटीहून जास्त ताठ होते, वजन मात्र एक तृतीयांशच वाढतं. आतले कोपरे टोकदार ठेवू नका, गोलाई द्या. तडा तिथूनच सुरू होतो. आणि अ‍ॅल्युमिनियम दणके विसरत नाही. लहान लहान धक्के साठत जातात आणि एक दिवस प्लेट तुटते.

गोल दांड्यावर नुसता गोल क्लॅम्प कितीही आवळा, जोर आला की फिरू शकतो. त्यामुळे ट्रकच्या आकारात नेमका बसणारा क्लॅम्प करा किंवा पिन घाला. बेल्ट ताणायला मोटरची भोकं लांबट ठेवा. स्क्रूंना थ्रेडलॉकर लावा. पीएलएमधलं थ्रीडी प्रिंट फक्त मापं तपासायला वापरा. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मोटर तेवढी सहज तापते.

आपल्याला जुगाडाचं भारी कौतुक. प्रोजेक्टच्या डेमोला तो चालूनही जातो. पण या बोर्डवर उद्या तुमचा मित्र उभा राहणार आहे, कदाचित धाकटी बहीणसुद्धा. तेव्हा मोटरच्या बजेटमधले थोडे पैसे इकडे वळवा. नीट ड्रॉइंग काढा, भोसरीतल्या किंवा तुमच्या जवळच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये घेऊन जा आणि मशीनवरच्या दादांना एकच विचारा, ‘दादा, हे कुठून तुटेल?’ ते बोट ठेवतील ती जागा आधी सुधारा.

मग हेल्मेट घाला, मोकळं मैदान गाठा आणि पहिली चक्कर हळू मारा. परत आल्यावर स्क्रू पुन्हा तपासायला विसरू नका!