घरातली गोष्ट घरातच राहू द्या

माझ्या धाकट्या जावेने एका रात्री मोबाइलवर दिवस न राहण्याबद्दल वाचलं. घरात कुणाशी बोलली नव्हती. दोन दिवसांनी शेजारच्या काकू तिच्याच मोबाइलवर ढोकळ्याची कृती बघत होत्या, तर डाळीच्या प्रमाणाखालीच वंध्यत्व उपचारांची जाहिरात आली. काकू काही बोलल्या नाहीत, नुसतं वर पाहिलं. जावेचा तेव्हाचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. तिला विचारूनच हे लिहिते आहे.

आपण पान उघडतो एकाचं, पण त्यात जाहिरात कंपन्यांचेही तुकडे बसवलेले असतात. ते आपल्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची बारीकशी खूण ठेवतात. पुढच्या साइटवर तीच कंपनी बसलेली असली की खूण पटते, ही कालचीच बाई. नाव कळायची गरजच नसते. १९९४ साली कुकी निघाली ती साइटला आपली ओळख राहावी म्हणून. त्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. तिऱ्हाइताने दारोदार मागे फिरण्याबद्दल आहे.

ब्राउझरमधल्या इन्कॉग्निटो खिडकीवर विसंबू नका. ती बंद केली की मोबाइलवर इतिहास आणि कुकीज राहत नाहीत, एवढंच. साइटला तुम्ही दिसता, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीलाही दिसता.

आज रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं काढा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन थर्ड-पार्टी, म्हणजे तिऱ्हाइतांच्या, कुकीज बंद करा. अँड्रॉइड मोबाइल असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग अ‍ॅड्स, आणि तिथली जाहिरातींसाठीची ओळख, म्हणजे अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करा. जाहिराती थांबणार नाहीत, माग काढणं मात्र अवघड होईल. ‘अ‍ॅक्सेप्ट ऑल’चं, म्हणजे सगळ्या कुकीज स्वीकारायचं, ठळक बटण साइटवर समोर आलं तर घाई करू नका, नकाराचं बटण बहुधा फिक्या रंगात बाजूला असतं.

‘आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?’ असं म्हणू नका. आजारपण, कर्ज, मुलीचं जमत आलेलं स्थळ, हे आपण चारचौघांत बोलतो का? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा म्हणतो. तेव्हा नकार देताना संकोच कसला?

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे मोबाइलही तुम्हीच बघा. सासूबाईंचा मी कालच केला. त्या शेजारी बसून प्रत्येक बटण दाबायच्या आधी विचारत होत्या, हे कशाचं गं?