जिलेटिनवर भांडलो, डेटा मागायचा राहिला

डिसेंबर 2020 मध्ये माझ्या फोनवर रोज एकच सवाल यायचा: लसीत डुकराचं जिलेटिन आहे का? कोविशिल्डमध्ये नव्हतं, कोवॅक्सिनमध्येही नव्हतं. घटकांची यादी वाचून दोन मिनिटांत मिटणारा वाद आपण कित्येक दिवस चघळला. खरा सवाल तसाच राहिला.

लस आजार रोखते की नाही, हे कळतं तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत. हजारो लोकांपैकी काहींना लस, काहींना नुसती दिखाऊ सुई. कुणाला काय मिळालं हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कोवॅक्सिनची ही चाचणी 25,800 लोकांवर व्हायची होती. 1 जानेवारी 2021 ला तज्ज्ञ समितीने कंपनीला सांगितलं, भरती वाढवा, परिणामकारकतेचं अंतरिम विश्लेषण करा. 2 जानेवारीला, ते विश्लेषण नसतानाच, त्याच समितीने शिफारस केली. 3 तारखेला औषध महानियंत्रकांनी मंजुरी जाहीर केली. तीही 'क्लिनिकल ट्रायल मोड'मध्ये, म्हणजे घेणाऱ्याने संमतीपत्रावर सही करायची. परिणामकारकतेचा पहिला आकडा आला मार्चमध्ये.

मी सॉफ्टवेअर लिहितो. 'टेस्ट रिपोर्ट नंतर बघू, आज रिलीज करा' असं मॅनेजर म्हणाला, तर आम्ही निदान ते मेलवर लेखी मागतो. इथे देशाने तेवढंही मागितलं नाही.

'पण लस चांगलीच निघाली ना?' निघाली. लॅन्सेटमध्ये छापलेला निकाल 77.8 टक्क्यांचा. म्हणून जानेवारीतली घाई बरोबर ठरत नाही. उलट त्या घाईने अफवा पसरवणाऱ्यांच्या हातात कोलीत दिलं, आणि मोहल्ल्यात लोकांना समजावत फिरणाऱ्यांकडे दाखवायला आकडाच नव्हता.

आणि हे काही महामारीतच घडलं असं नाही. 2012 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने 42 औषधांच्या फायली तपासायला मागितल्या. तीन औषधांचे कागद मंत्रालयाला देताच आले नाहीत. उरलेल्या 39 पैकी 11 औषधांची तिसऱ्या टप्प्याची चाचणीच झाली नव्हती. वेगवेगळ्या शहरांतल्या तज्ज्ञांची काही शिफारसपत्रं तर जवळपास शब्दाला शब्द सारखी!

आपल्यात फार्मसी झालेले, इंजिनिअर झालेले कितीतरी आहेत. तज्ज्ञ समितीच्या बैठकांचे वृत्तांत सीडीएससीओच्या वेबसाइटवर असतात. पुढचा फॉरवर्ड आला की आधी ते उघडा. किती लोकांवर चाचणी झाली, निकाल हातात होता का, ते बघा. नसेल तर आरटीआय टाका. दहा रुपये लागतात.