रसदेची वाट

ठाणे उभे राहिल्याची बातमी होते; ते टिकल्याची होत नाही. गडचिरोली जिल्ह्यात छत्तीसगडच्या सीमेलगत वांगेतुरी येथे नोव्हेंबर २०२३ मध्ये एका दिवसात पोलीस मदत केंद्र उभारले गेले. त्याचे कौतुक झाले, ते रास्तच. पण त्यानंतर रोज तिथे पीठ, डाळ, डिझेल, औषधे आणि काडतुसे पोहोचवावी लागतात, त्याचे काय? सोलापूरकरांना हा विषय दूरचा वाटू नये. सोरेगावला राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे आणि या दलाच्या तुकड्या गडचिरोलीत बंदोबस्ताला जातात.

ठाण्याच्या भिंतीआड जवान बराच सुरक्षित असतो. तो उघडा पडतो वाटेवर. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरील वाहने जाळली गेली होती. म्हणजे पोलीस येणार, आणि कोणत्या रस्त्याने येणार, हे हेरणे अवघड नव्हते.

बँकेत रोकड सांभाळलेल्या माणसाला हे गणित चटकन उमगते. शाखेत रोकड कमी ठेवली तर ती आणायला वारंवार जावे लागते. जास्त ठेवली तर शाखाच दरोडेखोरांच्या डोळ्यांत भरते. शिवाय नेहमी त्याच वेळी, त्याच रस्त्याने कधी जायचे नसते. ठाण्याचेही असेच आहे. फरक इतकाच, की रोकड गेली तर विमा असतो.

आपल्या गडांवर हा हिशेब कारखानिसाकडे असे. पन्हाळ्याचे अंबरखाने पाहिले, की धान्य साठवणे हे लढण्याइतकेच महत्त्वाचे मानले जाई, हे पटते. भामरागडला आजही हेच करावे लागते. पर्लकोटेला पूर आला, की तालुक्याचा संपर्क तुटतो. तेव्हा पावसाआधीच कोठार भरलेले हवे.

मग हेलिकॉप्टर आहेच की, असे कोणी म्हणेल. आकाशमार्गाने वेढा तगवता येतो, हे १९४७-४८ मध्ये पूँछने दाखवले. तिथे धावपट्टी तयार केली गेली, मेहर सिंग यांनी डाकोटा विमान उतरवले आणि शहर वर्षभर तगले. पण १९५४ मध्ये व्हिएतनाममधील दिएन बिएन फू येथे फ्रेंचांची धावपट्टी तोफांच्या माऱ्यात सापडली आणि ७ मे रोजी ते ठाणे पडले. जखमी जवानाला उचलून आणायला हेलिकॉप्टरसारखे दुसरे साधन नाही. पण रोजचे पीठमीठ त्यावर चालत नाही, आणि ढगांपुढे त्याचेही काही चालत नाही.

म्हणून १ जानेवारी २०२५ रोजी अहेरीहून गर्देवाड्याला एसटी सुरू झाली, ती मला लष्करी दृष्टीनेही मोठी घटना वाटते. ज्या रस्त्याने बाजाराला जाणारी बाई आणि शाळेची पोरे जातात, त्या रस्त्याची खबर ठाण्याला आपोआप मिळू लागते. मात्र तो रस्ता गावकऱ्याला आपला वाटला पाहिजे. सुरजागडचे लोहखनिज त्यावरून गेले आणि डॉक्टर मात्र आला नाही, तर तो तसा वाटणार नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा नेता भूपती ६० साथीदारांसह शरण आला. आता धोका ओसरला असे म्हणत एसटीची फेरी आणि आरोग्य केंद्राचा खर्च यांवरच पहिली कात्री चालेल, अशी भीती वाटते. तसे झाले, तर उद्या पुन्हा आपल्याच जिल्ह्यातला एखादा पोरगा त्या वाटेवर एकटा पडेल.