रुग्णालयांची गुणपत्रिका

हिंगोली जिल्ह्यातील शेतकरी बैल विकत घेताना त्याचे दात पाहतो, चाल पाहतो आणि नांगराला जुंपून पाहिल्याखेरीज पैसे मोजीत नाही. मुलाला शाळेत घालताना तोच दहावीचा निकाल विचारतो. मात्र घरचे माणूस अंथरुणाला खिळले की हा चौकसपणा नाहीसा होतो. दवाखाना निवडला जातो तो कोणा नातलगाच्या सांगण्यावरून किंवा इमारतीचा थाट पाहून. आपले सुशिक्षित शहरवासीही याबाबतीत फारसे निराळे नाहीत.

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला ९ ऑक्टोबर २०२४ रोजी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लाभले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण इमारत आणि खाटा म्हणजे उपचार नव्हेत. शस्त्रक्रियेनंतर किती जखमा चिघळल्या, किती माता व अर्भके दगावली, मध्यरात्री आलेल्या रुग्णाला डॉक्टर किती वेळाने भेटला, ही खरी मापे होत.

अशी मापे नाहीत असे नव्हे. सरकारी रुग्णालयांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानके २०१३ पासून आहेत. स्वच्छतेसाठी २०१५ मध्ये ‘कायाकल्प’, तर प्रसूतिगृहांसाठी २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ ही योजना आली. महाराष्ट्रातील खाजगी शुश्रूषागृहांना २०२१ च्या नियमांनी दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले. परंतु दरपत्रकावरून पैसे किती पडतील एवढेच कळते. पदरात काय पडेल ते कळत नाही.

येथे एक सावधगिरीही हवी. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ अर्भके होती. या घटनेची चौकशी आणि जाब आवश्यकच होता. पण हिंगोलीसह आसपासच्या जिल्ह्यांतील अत्यवस्थ रुग्ण ज्या दारी अखेरीस पोहोचतात, त्या दाराची तुलना सर्दीपडशाच्या दवाखान्याशी करता येत नाही. नुसता मृत्यूंचा आकडा प्रसिद्ध केला, तर अवघड रुग्णाला परत पाठविणारा शहाणा आणि त्याला पदरी घेणारा गुन्हेगार ठरेल. हृदयशस्त्रक्रियांचे निकाल गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून जाहीर करणाऱ्या न्यूयॉर्क राज्याने म्हणूनच रुग्णाच्या मूळ अवस्थेचा हिशेब त्यांत धरला.

तसाच हिशेब धरून प्रत्येक रुग्णालयाचे, मग ते सरकारी असो वा खाजगी, वार्षिक निकाल सोप्या मराठीत त्याच्या दारावर आणि तालुक्याच्या ठिकाणी लावले जावेत, अशी आमची मागणी आहे. सेनगाव वा औंढ्याहून अडलेल्या बाळंतिणीला घेऊन गाडी निघाली म्हणजे निवड करावयास वेळ उरत नाही. ती निवड आधीच्या नऊ महिन्यांत व्हावयास हवी, आणि तिला आधार हवा तो ऐकीव कीर्तीचा नव्हे, तर आकड्यांचा. शाळेचा निकाल विचारण्यात आपल्याला संकोच वाटत नाही. तसाच रुग्णालयाचा निकाल विचारणे हा डॉक्टरांवरील अविश्वास नव्हे. तो नागरिकाचा हक्क आहे. चांगल्या डॉक्टराला त्याचे भय वाटण्याचे कारण नाही.