उडत्या तबकड्या आणि आकाशातले दगड : उपहासाची किंमत

१/९
आकाशातून दगड पडतात असे सांगणाऱ्या शेतकऱ्याला अठराव्या शतकातील युरोपात विद्वान हसत असत. १७६८ मध्ये फ्रान्समधील ल्युसे येथे पडलेला दगड लाव्हाझिए व त्याच्या सहकाऱ्यांनी तपासला आणि तो विजेने होरपळलेला पृथ्वीवरचाच दगड ठरवला. तपासणी झाली होती, पण उत्तराची दिशा आधीच ठरलेली होती.

२/९
१७९४ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाडनी याने असे दगड अंतराळातून येतात हा विचार ग्रंथरूपाने मांडला. १७९८ मध्ये बनारसजवळ दगडांचा वर्षाव झाला. ते दगड लंडनला पोहोचले आणि १८०२ मध्ये एडवर्ड हॉवर्डने इतर ठिकाणच्या नमुन्यांबरोबर त्यांचे रासायनिक पृथक्करण केले. दूरदूरच्या या सर्व दगडांत निकेल आढळले.

३/९
२६ एप्रिल १८०३ रोजी नॉर्मंडीतील लेग्ल गावाच्या परिसरात सुमारे तीन हजार दगड कोसळले. सरकारने झाँ-बाप्टिस्ट बिओ या तरुण शास्त्रज्ञास तेथे पाठविले. तो गावोगाव फिरला, भिन्न व्यवसायांच्या साक्षीदारांशी बोलला आणि दगड पडलेल्या लंबवर्तुळाकार क्षेत्राचा नकाशा त्याने आखला. असे दगड त्या भागात पूर्वी नव्हते, याचीही खात्री त्याने करून घेतली. त्याच्या अहवालानंतर अशनींचे अस्तित्व नाकारणे कठीण झाले.

४/९
बिओने साक्षीदारांवर आंधळा विश्वास ठेवला नाही, त्यांची टिंगलही केली नाही. साक्ष आणि वस्तू ही दोन्ही प्रमाणे त्याने स्वतंत्रपणे तपासली आणि मग एकमेकांशी ताडून पाहिली. विसाव्या शतकात नेमका हाच धडा विसरला गेला.

५/९
२४ जून १९४७ रोजी अमेरिकी वैमानिक केनेथ अर्नोल्डने माउंट रेनियरजवळ वेगाने जाणाऱ्या नऊ वस्तू पाहिल्याचे सांगितले आणि वृत्तपत्रांनी ‘उडती तबकडी’ हा शब्द रूढ केला. पुढे अमेरिकी वायुदलाने ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ चालविला. १९६९ पर्यंत एकूण १२,६१८ घटना नोंदल्या गेल्या. ग्रह, फुगे, विमाने अशी बहुतेकांची उकल झाली. ७०१ घटना अज्ञात राहिल्या.

६/९
वायुदलाने खर्च दिलेल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या अभ्यासाचे प्रमुख होते भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड काँडन. अभ्यास सुरू होण्यापूर्वीच, १९६६ मध्ये, त्यांच्या समन्वयकाने एक टिपण लिहिले होते. जनतेला हा अभ्यास निःपक्षपाती वाटावा, शास्त्रज्ञांना मात्र तो अविश्वासूंचाच गट भासावा, असा त्याचा आशय. टिपण उघड झाले आणि दोन सहकाऱ्यांना नोकरी गमवावी लागली. पुढील अभ्यासातून विज्ञानाच्या हाती काही लागण्याची शक्यता नाही, असा निष्कर्ष काँडन यांनी काढला. अहवालातील काही प्रकरणे मात्र अनुत्तरितच होती.

७/९
काँडन यांच्या बाजूनेही एक भक्कम मुद्दा आहे. लेग्लला दगड हाती आले; तबकड्यांच्या बाबतीत उरली ती आठवण आणि धूसर छायाचित्रे. वीस वर्षांपूर्वीची आठवण पुन्हा मोजता येत नाही. ‘अज्ञात’ म्हणजे ‘परग्रहावरील’ नव्हे. अनेकदा त्याचा अर्थ ‘माहिती अपुरी’ एवढाच असतो. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष अभ्यास थांबविण्याचा नाही. निरीक्षण अधिक चांगल्या उपकरणांनी व्हावे, असा तो आहे.

८/९
फ्रान्सच्या अंतराळ संस्थेने १९७७ पासून हेच काम एका छोट्या विभागाकडे सोपविले. अमेरिकेत ‘नासा’च्या स्वतंत्र समितीने २०२३ मध्ये अहवाल दिला : परग्रहवासीयांचा पुरावा नाही, विश्वासार्ह विदा अत्यल्प आहे आणि उपहासाच्या भीतीने साक्षीदार गप्प राहतात. या समितीच्या सदस्यांनाच ऑनलाइन छळ सोसावा लागला, हे विशेष बोलके आहे.

९/९
गप्प राहिलेल्या वैमानिकाबरोबर त्याची नोंदही नष्ट होते. मग ती वस्तू फुगा असो, परकीय ड्रोन असो वा वातावरणातील एखादा अपरिचित आविष्कार. श्रद्धाळू उत्तर आधी ठरवितो, उपहास करणाराही तेच करतो. विज्ञानाचे नुकसान दोघांकडूनही सारखेच होते. बिओने लेग्लला जाण्याचे कष्ट घेतले नसते, तर अशनींचा प्रश्न कदाचित आणखी काही दशके अडाण्यांची कथा म्हणून पडून राहिला असता.