गोंदण पुसलं, आई हरवली

मागच्या पावसाळ्यात रहिमतपुरातल्या माझ्या स्टुडिओत एक बाई आल्या. आईचं तेरावं तोंडावर आलं होतं. भावानं मोबाइलमधला फोटो कुठूनसा मोठा करून, फ्रेम करून आणला होता. ती फ्रेम काउंटरवर ठेवत त्या म्हणाल्या, "काका, ही आमची आई न्हवं."

फोटो झकपक होता. चेहरा गोरा, गाल गुळगुळीत. पण हनुवटीवरचं गोंदण गेलं होतं आणि लहानपणी देवी आल्या तेव्हाचे नाकाजवळचे वणही गेले होते. फोटो सुधारणाऱ्या ॲपनं दोन्ही डाग समजून पुसून टाकले होते. मी मूळ फोटो मागवून घेतला. उजेड थोडा वाढवला, मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे काढले. चेहऱ्याला हात लावला नाही. नवी प्रिंट हातात घेऊन बाई तिथंच रडल्या.

एडिटिंग केलं की फोटोतला खरेपणा जातो, असं अनेक जण म्हणतात. ते मला मान्य नाही. फिल्मच्या काळातही आम्ही 'टचिंग' करायचोच. पेन्सिल धरावी म्हणून निगेटिव्हवर मीडियम चोळायचं, खालून उजेड घ्यायचा आणि टोकदार पेन्सिलीनं एकेक ठिपका भरायचा. निगेटिव्हमध्ये सुरकुती पातळ दिसते. तिथं शिसं भरलं की कागदावर ती उजळते. डार्करूममध्ये पुठ्ठ्यानं जमीन झाकून आभाळाला जास्त वेळ उजेड द्यायचो, म्हणजे ढग उठून दिसत. रेलँडर नावाच्या छायाचित्रकारानं तर १८५७ सालीच तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक चित्र उभं केलं होतं. फोटोग्राफी तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती.

मग बदललं काय? पाहणं बदललं. एका निगेटिव्हवर तासभर मान मोडून बसलं की तो चेहरा पाठ होतो. कुठली रेघ उन्हाची आणि कुठली हसण्याची, हे हाताला कळायला लागतं. मी वण हलके करायचो, पण पुसायचो नाही, कारण त्यांच्यामागे माणूस दिसत असायचा. ॲप कुणाकडे पाहत नाही. त्याच्याकडे चांगल्या चेहऱ्याचा एक साचा असतो आणि समोर आलेला प्रत्येक चेहरा ते त्या साच्यात बसवतं. कलेचा खरेपणा जातो तो इथं. न पाहता केलेली सुधारणा ही कला नव्हे.

लग्नाच्या बायोडाटासाठी मुलीचा फोटो काढायला आलेले आईवडील हळूच सांगतात, "जरा उजळ करा." माझा नियम ठरलेला आहे. मुरूम काढतो, रंग बदलत नाही. मुरूम आठवड्यात जाणार आहे, रंग तिचा आहे. उद्या पाहुणे पाहायला आले की त्या मुलीची तुलना तिच्याच खोट्या फोटोशी होणार. तो अपमान माझ्या हातून होऊ नये.

इथून जवळ औंधच्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. चित्रकारानं काय वाढवलं, काय गाळलं, असं त्याला कुणी विचारत नाही, कारण चित्र म्हणूनच ते भिंतीवर असतं. फोटो मात्र न बोलता एक शब्द देतो, की कॅमेरा तिथं होता आणि समोर हे होतं. कासच्या पठाराचे भडक केलेले फोटो पाहून लोक लांबून येतात आणि तेरड्याच्या, सीतेच्या आसवांच्या ताटव्यात उभं राहून विचारतात, "फुलं कुठायत?" बोटाच्या पेराएवढं नाजूक फूल वाकून पाहावं लागतं. त्या फोटोंनी त्यांना वाकायचंच विसरायला लावलं. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या पठारावर माणूस उभा असतो आणि निराश होतो, याचा दोष पठाराचा नाही.

कल्पनेतलं दृश्य रचायचं असेल तर जरूर रचा, फक्त तसं सांगून रचा. बातमीचा फोटो, स्थळाचा फोटो आणि माणसाचा फोटो मात्र दिलेल्या शब्दाला बांधलेला आहे. उजेड, अंधार, चौकट यांच्यावर छायाचित्रकाराचा हक्क आहे. समोरच्याच्या ओळखीवर नाही.

वाचकांना एक विनंती आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा मूळ फोटो, काहीही न बदललेला, वेगळा जपून ठेवा. मोठा करायला द्याल तेव्हा दुकानदाराला स्पष्ट सांगा, "सुरकुत्या राहू द्या, गोंदण राहू द्या." नातवंडांना आजी त्याच खुणांवरून सापडणार आहे.