आंदणात गेलेली गावे

पोर्तुगीज अमदानीचे गोडवे गाण्याची एक नवी तऱ्हा अलीकडे रूढ होत आहे. आमच्याकडील स्त्री चूल आणि मूल यांत अडकलेली असताना पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’त स्त्रियांच्या नावे अख्खी गावे होती, ‘दोना’ म्हणवून घेणाऱ्या या कुलीन स्त्रिया वतनाचा वारसा चालवीत. सबब ती राजवट पुढारलेली, असे सांगितले जाते. दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर, वैतरणेच्या मुखापाशी उभे राहून समोरचा अर्नाळा पाहावा आणि मग हा युक्तिवाद तपासावा.

स्त्रियांच्या नावे गावे होती, हे खरे. पण ती दिली कोणी, आणि होती कोणाची?

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. येथील भंडारी, वाडवळ, मांगेला यांना कोणी विचारले नव्हते. पुढे ही गावे ठराविक खंडाने, बहुधा तीन हयातींच्या मुदतीने, पोर्तुगीज सरदारांना वाटली गेली. लिस्बनहून राजाश्रयातील अनाथ कुलीन मुली जहाजात बसवून गोव्यास धाडल्या जात. त्यांचे पाणिग्रहण करणाऱ्यास आंदण म्हणून सरकारी हुद्दा वा जमीन मिळे. सात समुद्रांपलीकडे धाडलेल्या त्या मुलींची कीव करावी तेवढी थोडी. परंतु याला स्त्रीचा हक्क कसे म्हणावे? पोर्तुगीज पुरुष येथे रुजावा, यासाठी लावलेले ते आमिष होते. वधूही त्यांची, वरही त्यांचा; आंदण मात्र आमचे! (वसई-पालघरच्या ख्रिस्ती बांधवांना येथे दोष नाही. त्यांचे पूर्वजही याच वाटल्या गेलेल्या रयतेपैकी होते.)

याच रीतीचा कळस म्हणजे मुंबई. २३ जून १६६१ च्या विवाह-करारान्वये पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्याबरोबर हे बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाले. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी ताबा देण्याचा दस्तऐवज झाला तो ‘बेटाची मालकीण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोना इग्नेझ द मिरांडा या विधवेच्या वाड्यात. मालकिणीच्या घरातच तिचे बेट दुसऱ्या राजाला दिले गेले. पदवीची किंमत एवढीच! तीन वर्षांनी चार्ल्सने तेच बेट वार्षिक अवघ्या दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले.

आता पदाचा वारसा पाहायचाच, तर तळेगावच्या दाभाड्यांकडे पाहा. १७२९ मध्ये सेनापती खंडेराव वारले, १७३१ मध्ये पुत्र त्र्यंबकराव डभईच्या रणात पडले, तेही थोरल्या बाजीरावांविरुद्ध लढताना. पेशव्यांची थोरवी गाणाऱ्या आम्हांस हे पान अडचणीचे आहे. म्हणून ते झाकायचे नाही. सेनापतिपद अल्पवयीन यशवंतरावांना मिळाले, कारभार मात्र उमाबाई दाभाडे यांनी पाहिला. अहमदाबादच्या मोहिमेवर त्या स्वतः गेल्या. अधिकार टिकवण्यासाठी त्यांना कोणाचा हात धरावा लागला नाही. आमच्या समाजात तेव्हा सती होती, हुंडा तर आजही आहे. तो कलंक नाकारून चालणार नाही. पण म्हणून स्त्रीस्वातंत्र्याचा धडा गावे आंदण देणाऱ्यांकडून घ्यावा?

उमाबाईंच्या हयातीतच हा किनारा मोकळा झाला. जानेवारी १७३९ मध्ये माहीम पडले, तारापूर पडले. तारापूरच्या तटाशी बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मे महिन्यात चिमाजीअप्पांपुढे वसईने शरणागती पत्करली, आणि तीन हयातींच्या त्या पट्ट्यांची मुदत तेथेच संपली.